तेलातले पाणी आणि पूर्वजन्मीचे पाप

माझ्या धाकट्या मेहुण्याच्या ट्रकमधून ऑइलची पट्टी बाहेर निघाली तेव्हा तिच्या टोकावरून राखाडी झाक असलेले, दाट ताकासारखे काहीतरी ओघळत होते, आणि ते दोन बोटांत चोळून पाहताच मेहुण्याच्या तोंडून जो पहिला शब्द बाहेर पडला ते एखाद्या यंत्रभागाचे नव्हे, त्याच्या ड्रायव्हरचे नाव होते.

ही हकीकत १९७१ सालच्या आषाढातली. गाडी टाटा-मर्सिडीज, सहा सिलिंडरची. १९५४ साली जर्मन कंपनीशी करार होऊन जमशेदपूरला जे ट्रक बांधले जाऊ लागले, त्यांच्या पहिल्या काही वर्षांतली. तो करार १९६९ साली संपला आणि नव्या गाड्यांच्या तोंडावरची तीन टोकांची चांदणी गेली. पण लासलगावच्या कांदाबाजारात जुन्या गाडीला अजून सगळे ‘मर्शिडी’च म्हणत आणि मेहुणा ती चांदणी रोज सकाळी फडक्याने पुशी. आठवड्याला दोन खेपा, गोण्या भरून कसारा घाट उतरायचा, मुंबईला माल टाकायचा आणि किराणा भरून तोच घाट चढून परत यायचे. इंजिन म्हातारे झाले होते, तेल पीत होते, आणि दर खेपेला लिटर-दोन लिटर तेल वरून घालावे लागे. ही शेवटची बाब वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण आम्हां कोणाच्याच ध्यानात ती राहिली नाही.

गावाकडे ओसरीवर पंचायत भरायला वेळ लागत नाही. मेहुण्याचा निकाल तयार होता: घाट चढताना ड्रायव्हरने गाडी तापवली, पाणी घालायला तो थांबला नाही, हेडचे पॅकिंग गेले, सबब नुकसानीची भरपाई त्याच्या पगारातून. सासूबाईंच्या मते गाडी अवसेच्या दिवशी दारात आणली तेव्हाच हे ठरून गेले होते. शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचे प्रवचन-कीर्तन सहसा चुकत नसे, त्याहूनही खोल गेले. माझ्या कैलासवासी सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी भाऊबंदांचा बांध कोरला होता, तो बापाने कोरलेला बांध आता लेकाच्या तेलात उतरला, असे त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितले. आणि मी? दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात एकतीस वर्षे काढून शिरस्तेदार म्हणून नुकताच निवृत्त झालेला, उतारवयात ‘तर्कसंग्रह’ आणि न्यायसूत्रे उघडून बसलेला मी, “हेड गेलं असणार,” एवढेच बोललो. ड्रायव्हर खाली अंगणात उभा होता. “शेठ, काटा वर गेलाच नाही,” ही त्याची जबानी. ती कोणी नोंदवली नाही. दीडशे रुपये कापून त्याचा हिशोब चुकता झाला, आणि तो पिशवी खांद्याला लावून फाट्याकडे चालू लागला.

आमचा तर्क अगदीच निराधार होता असे नाही. डिझेल इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यात तेलाची आणि पाण्याची वाट एकमेकींपासून बोटभर अंतरावरून जाते. तेल बेअरिंगांना वंगण देऊन खालच्या चेंबरमध्ये परतते. पाणी सिलिंडरांभोवती फिरून त्यांची उष्णता रेडिएटरमध्ये नेऊन सोडते. आणि वरचे हेड व खालचा ब्लॉक यांच्यामध्ये जे पातळ पॅकिंग दाबून बसवलेले असते ते एकाच वेळी जळत्या वायूला, तेलाला आणि पाण्याला आपापल्या घरात राहायला लावते. गाडी तापली, हेड केसभर वाकले किंवा तडकले, की हा तह मोडतो, पाणी तेलात उतरते आणि क्रँक ते मिश्रण डेऱ्यातल्या रवीप्रमाणे घुसळून त्याचे ताक करतो. तशा तेलावर गाडी हाकली तर बेअरिंगे खाल्ली जातात आणि मग दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. परंतु हेच ताक अन्य वाटांनीही होते. ज्या इंजिनात लायनरला बाहेरून पाणी भिडते तिथे लायनरच्या पायथ्याची रबरी कडी कुजली तरी होते; ब्लॉकला चीर गेली तरी होते; तेल थंड करण्यासाठी जिथे ऑइल कूलर असतो तिथे त्याची नळी आतून फुटली तरी होते. कार्य एक, कारणे अनेक. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला सावध करायला एवढे पुरेसे होते, पण सावध होण्यासाठी आधी आपण विद्यार्थी आहोत हे आठवावे लागते.

मिस्त्री आग्रा रस्त्यावरून आला तो संध्याकाळी. मेहुण्याने सगळी कैफियत ड्रायव्हरच्या अपराधासह ऐकवली. ती त्याने ऐकली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्याने एक पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवला आणि पट्टीवरचा एक थेंब त्यावर सोडला. फोडणीत ओला हात झटकावा तसा तो तडतडला. “पाणी आहे,” तो म्हणाला. हजारात एखादा भाग पाणी असले तरी तेल असे बोलते. मग त्याने रेडिएटर काठोकाठ भरला, पाण्याच्या रेषेवर खिळ्याने ओरखडा काढला आणि बजावले, “आता गाडीला कुणी हात लावू नका. रात्रभर झोपू द्या तिला.” हंसाच्या नीरक्षीरविवेकाची कथा खरी असो वा नसो, तेल आणि पाणी यांना स्वस्थ बसू दिले तर ती हंसाच्या मदतीवाचून पुष्कळशी वेगळी होतात, आणि पाणी जड असल्याने तळाला जाते. सकाळी, इंजिन चालू न करता, मिस्त्रीने गाडीखाली सरपटत जाऊन चेंबरचा नट दोन आटे सैल केला. आधी पाण्याची बारीक धार आली, मग तेल. ती धार त्याने एका काचेच्या बाटलीत धरली, शेजारी दुसऱ्या बाटलीत रेडिएटरचे पाणी घेतले आणि दोन्ही बाटल्या ओसरीच्या कठड्यावर उन्हात ठेवल्या. रेडिएटरचे पाणी जुन्या बिडातून वर्षानुवर्षे फिरल्याने गंजून विटकरी झालेले. चेंबरमधले पाणी तेलकट खरे, पण रंगाने जवळजवळ नितळ.

मला त्या क्षणी गौतमाची नदी आठवायला हवी होती. ती आठवली दुसऱ्या दिवशी.

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानाच्या प्रामाण्यावर जो आक्षेप घेतला आहे तो मला त्या ग्रंथातल्या सर्वांत प्रामाणिक जागांपैकी एक वाटतो. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस पडला असे आपण अनुमान करतो. आक्षेपक म्हणतो, नदी कुठे अडवली गेली असेल तरीही पाणी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघालेल्या पाहून पाऊस येणार असे आपण म्हणतो. पण कोणी त्यांचे वारूळ मोडले असेल तरी त्या निघतातच. मोराचा आवाज ऐकून मोर आहे असे म्हणावे, तर माणूसही मोराची नक्कल करतो. मग अनुमान हे प्रमाण कसे? गोदाकाठच्या माणसाला हा आक्षेप पोथीतून शिकावा लागत नाही; गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की नाशकात लख्ख ऊन असतानाही रामकुंडाचे पाणी चढते. गौतमाच्या उत्तराचा भाष्यातला उलगडा असा की नुसते पाणी चढणे हे पावसाचे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, नव्हेच. वेगाने येणारा प्रवाह, त्यावरचा फेस, त्यातून वाहत येणारी फळे, पाने, लाकडे, असा विशेषांनी युक्त पूर हे लिंग होय, आणि ते विशेष न पाहता जो सामान्यावरून निष्कर्ष काढतो त्याच्या चुकीचा बोजा अनुमानावर टाकता येत नाही. भाष्यकार वात्स्यायन तर स्पष्टच सांगतात की अपराध अनुमान करणाराचा आहे. पुढे श्रीहर्षाने या चर्चेत आणखी एक पेच घातला: एकाने डोंगरावरचे धुके पाहून धूर समजून अग्नीचे अनुमान केले, आणि डोंगरावर खरोखरच अग्नी होता. निष्कर्ष खरा निघाला. त्याला ज्ञान म्हणायचे का?

तेलातले पाणी ही आमची चढलेली नदी होती. पॅकिंग जाऊन रेडिएटरचे पाणी तेलात उतरल्याचा विशेष कोणता? पहिला आणि साधा विशेष हा की रेडिएटरचे पाणी घटले पाहिजे. ओरखड्याशी पाणी जसेच्या तसे होते. गळती वायूच्या बाजूला असेल तर इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, तेही नव्हते. तरीही मिस्त्रीने चेंबर उतरवला, रेडिएटरच्या तोंडाला सायकलचा पंप जोडून पाच-सात पौंड हवा भरली आणि उघड्या क्रँकखाली कालच्या वर्तमानपत्राचे पान पसरून तो बिडी ओढत बसला. पाणी गळत असेल तर कोणत्या सिलिंडरखाली गळते हे कागद सांगेल, असा त्याचा हिशोब. दोन तास झाले. कागदावर तेलाचे तीन डाग पडले, पाण्याचा एकही नाही, आणि दाबाच्या काट्याने जागा सोडली नाही. मेहुणा तोवर हेड उतरवून फेसिंगला पाठवण्यासाठी उसनवारीची बोलणी करून परतला होता.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण या धंद्यातल्या काही गोष्टी न्यायालयातल्या माणसाला फारच परिचित वाटाव्यात अशा आहेत. हिवाळ्यात, थोडथोडे अंतर चालणाऱ्या गाडीच्या टॅपेट कव्हरच्या झाकणाखाली पांढरा फेस धरतो, आणि भोळा मालक तो पाहून हादरतो. ते पाणी डिझेलचेच असते, कारण एक लिटर डिझेल जळले की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन निघते, त्यातले चुकार पिस्टनच्या कड्यांवरून खाली उतरून गार पत्र्यावर जमते, आणि एक लांब खेप झाली की उडून जाते. ऑइल कूलर फुटलेल्या गाडीची तऱ्हा याहून मौजेची. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, म्हणून तेल पाण्यात जाते. इंजिन बंद केले की तेलाचा दाब शून्यावर येतो, तापलेल्या पाण्याचा दाब मात्र घटकाभर टिकतो, आणि पाणी उलट तेलात शिरते. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की चालत्या गाडीत तेल चांगले होते, मालक शपथेवर सांगतो की सकाळी ते नासलेले होते, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा किती परस्परविरुद्ध जबान्या मी ‘साक्षीदार विश्वासपात्र नाही’ या शेऱ्यासह दफ्तरी दाखल होताना पाहिल्या, त्याची गणती नाही. अलीकडे साध्या पाण्याऐवजी रंगीत कूलंट घालतात. त्यातले पाणी तापलेल्या इंजिनात उडून गेले तरी त्याचे सोडियम-पोटॅशियम तेलात मागे राहते आणि प्रयोगशाळेत सापडते. कर्म सरले तरी संस्कार राहतो म्हणतात, तो राहावा तर असा, तपासता येईल असा.

असो. कागद कोरडा राहिल्यावर मिस्त्री उठला, त्याने हात पुसले आणि विचारले, “वरून तेल घालता ते कुठलं?”

पिंप परसात, कडुनिंबाखाली, उभे होते. दोनशे लिटरचे पिंप, वरच्या झाकणाच्या कडेच्या आत आदल्या रात्रीच्या पावसाचे बोटभर पाणी साचलेले, आणि त्या पाण्याखाली बुडालेले बूच. पिंप दिवसा तापते, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर निसटते. रात्री गार होते, आणि बाहेर गेलेल्या हवेच्या जागी ते वरचे साचलेले पाणी आत ओढून घेते. रोज थोडे. पाणी तळाला बसते, हातपंपाची नळीही तळापर्यंत गेलेली असते, आणि मालक दर खेपेला लिटर-दोन लिटर म्हणून जे इंजिनात ओततो त्यात पहिला मान पाण्याचा. मिस्त्रीने पंपाचे चार दांडे मारले. डब्यात आधी पाणी आले.

माझा कर्मसिद्धांतावर विश्वास आहे, आणि या हकीकतीने तो डळमळलेला नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अदृष्टाच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पूर्वकर्माच्या, बाजूने जो युक्तिवाद केला आहे, की जगातल्या सुखदुःखांचे हे अपार वैचित्र्य निष्कारण असू शकत नाही, तो मला आजही भारदस्त वाटतो. पण त्या युक्तिवादाची धाव किती? कारण आहे, इथवर. कोणाचे, कोणत्या जन्मातले, बांध कोरल्याचे की अवसेला गाडी आणल्याचे, हे त्यातून निघत नाही. जसे तेलात पाणी आहे यावरून पाण्याला वाट सापडली एवढेच निघते, ती घाटात सापडली की परसात हे निघत नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी पहिल्या वाक्याची सनद दाखवून दुसऱ्या वाक्याचा मुलूख काबीज केला. पतंजलींनी तिसऱ्या पादात पूर्वजन्माचे ज्ञान ही संस्कारांच्या साक्षात्काराने लाभणारी सिद्धी म्हणून सांगितली आहे. आमच्या आळीत ती ओसरीगणिक प्राप्त झालेली दिसते, आणि तीही इतरांच्या पूर्वजन्मांपुरती.

हा मोह सामान्यांनाच होतो असेही नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो माणसे गाडली गेली, आणि त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर हिंडत असलेल्या गांधीजींनी हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड होय असे जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथांनी निषेध केला: भौतिक उत्पाताला भौतिक कारणे असतात, आणि हाच तर्क विरोधकांच्या हाती पडला तर ते तो उलटाही फिरवतील. गांधीजींनी तो निषेध स्वतःच्या ‘हरिजन’ पत्रात छापला आणि आपले मत कायम ठेवले. अस्पृश्यता हे पाप होते याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण ज्या भूकंपाने अस्पृश्यांच्या झोपड्याही पाडल्या त्याला त्या पापाचे लिंग मानायला मी तयार नाही, आणि या एका बाबतीत महात्म्यापेक्षा मिस्त्रीची पद्धत मला अधिक धर्म्य वाटते.

मीमांसकांचा या बाबतीतला दंडक तर आमच्या धर्मशास्त्राच्या घरातलाच आहे: दृष्ट कारणाने काम भागत असेल तिथे अदृष्टाची कल्पना करू नये. तो दंडक पाळला गेला असता तर माझ्या आत्याचे आयुष्य वेगळे गेले असते. तिचे यजमान १९०७ साली प्लेगने गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिनने १८९७ साली मुंबईत लस सिद्ध केली होती. उंदीर पडू लागले की घर सोडावे हे तर शेतकऱ्यालाही कळत होते. दृष्ट कारण असे दारात येऊन पडलेले असताना घरच्यांनी अदृष्टाकडे धाव घेतली आणि ठरवले की या मुलीने पूर्वजन्मी काहीतरी केले आहे. काय केले, हे कोणी सांगितले नाही. पुरावा मागितला गेला नाही, कारण ती स्वतःच पुरावा मानली गेली होती. लाल अलवणात तिने एक्कावन्न वर्षे काढली. मी लहान असताना ती मला ताकात भाकरी कुस्करून देई आणि मी एकदा विचारले होते, “आत्या, तू काय केलं होतंस गं?” ती म्हणाली, “आठवत नाही रे बाबा.” खरोखरच आठवून पाहिल्यासारखी ती क्षणभर थांबली होती. बायबलातल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते आणि त्यानंतर त्याचे पाप शोधू लागले. आमच्या घरच्यांनी सात दिवसांचाही अवधी घेतला नव्हता.

तेल बदलले, चेंबर धुतला, नवे तेल घालून दोन तास इंजिन चालवले आणि तेही काढून टाकले. पिंप आडवे करून, दोन्ही बुचे एका पातळीत येतील असे, लाकडी ओंडक्यांवर ठेवले. गाडी पुन्हा घाट चढू लागली. सासूबाईंनी तिच्या टपाला लिंबू-मिरची बांधली, आणि मी त्यावर काही बोललो नाही.

ड्रायव्हरचे दीडशे रुपये द्यायला मेहुणा जाईना, म्हणून मी गेलो. तो मनमाडला दुसऱ्या एका गाडीवर होता, टायरची हवा ठोकून पाहत होता. मी पैसे दिले, पॅकिंग शाबूत निघाल्याचे सांगितले, पिंपाची सगळी हकीकत सांगितली, आणि क्षमा मागावी तर शब्द नेमके कोणते वापरावेत याचा विचार करत उभा राहिलो. त्याने नोटा मोजल्या.

“तुम्हीपण बोलला होता ना साहेब, हेड गेलं म्हणून?”

“बोललो होतो.”

“आणि पिंपात पाणी गेलं.”

“हो. उभं ठेवल्यामुळे.”

त्याने टायरवर पान्याचा आणखी एक ठोका मारला, कान देऊन आवाज ऐकला.

“ते पिंप मीच उभं केलं होतं साहेब,” तो म्हणाला. “शेठ बोलले, आडवं जागा खातंय, उभं कर. म्हणून केलं.”

एवढे बोलून तो मागच्या चाकाकडे वळला. मला लासलगावची परतीची गाडी संध्याकाळी होती. तोवर मी स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो, धुके पाहून डोंगरावर अग्नी आहे म्हणणाऱ्या त्या माणसाचा विचार करत.